उपवास, त्याग आणि औषधाची गोळी

अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवला, की रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात. एकादशी, हरतालिका, रमजानचे रोजे किंवा पर्युषणातील उपवास आले, की श्रद्धाळू रुग्णापुढे दोन प्रश्न उभे राहतात. गोळीने व्रत मोडते का? आणि मोडत असेल, तर एक दिवस गोळी न घेणे हा त्याग ठरतो का?

गोळी चुकवल्याने काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते. रोहिणीच्या आतल्या अस्तराने ती झाकली जाईपर्यंत काही महिने जातात आणि तोवर तिच्यावर रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असतो. अशी गुठळी क्वचितच होते. पण झाली, तर रोहिणी अचानक बंद पडते आणि झटका जिवावर बेतू शकतो. औषध मध्येच बंद करणे हे अशा गुठळीचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक औषध दिले जाते. ही जोडी हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण १२ महिने, तर स्थिर आजारात साधारण ६ महिने चालते. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ही मुदत कमी-जास्त करतात. त्यानंतर बहुतेकांना एक औषध कायम घ्यावे लागते.

हिंदू धर्मशास्त्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. ज्यांनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधाचाही स्पष्ट उल्लेख आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या ‘धर्मसिंधू’तही हाच नियम येतो. म्हणजे निर्जळी उपवासातही घोटभर पाण्याबरोबर गोळी घेणाऱ्याचे व्रत शास्त्राच्या दृष्टीने अखंड राहते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. उपवासात माणूस अन्न सोडतो, कारण अन्नाची त्याला ओढ असते. ती ओढ आवरण्यात तप आहे. गोळीची ओढ कोणालाच नसते. ती सोडल्याने कोणतीही वासना जिंकली जात नाही, उलट रोजचे एक कंटाळवाणे बंधन टळते. त्यामुळे गोळी सोडण्याला त्यागाचे रूप असले, तरी त्यात त्यागाचा आशय नाही. शिवाय त्याची किंमत रुग्ण एकटा मोजत नाही. धावपळ, खर्च आणि कदाचित शोक घरच्यांच्या वाट्याला येतो.

गीतेची भूमिका या विचाराला बळ देते. सतराव्या अध्यायात शास्त्राला सोडून शरीराला पीडा देणाऱ्या घोर तपाचा निषेध आहे. अठराव्या अध्यायात नियत कर्म मोहाने टाकून देण्याला तामस त्याग म्हटले आहे. तेथील नियत कर्म म्हणजे शास्त्रविहित कर्तव्य, हे खरे. पण ज्याच्या जगण्यावर इतरांचे जगणे अवलंबून आहे, त्याचे औषध घेणेही कर्तव्यातच मोडते, असा त्याचा अर्थ लावणे रास्त आहे.

इतर धर्मांचे नियम वेगळे असले, तरी आजाऱ्याविषयीची करुणा समान आहे. रोज्यात दिवसा गोळी गिळली, तर रोजा मोडतो. परंतु कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे आणि ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याच्यासाठी गरिबाला अन्नदानाचा मार्ग आहे. जैन परंपरेत पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा संकल्प, घेतानाच काही अपवाद राखलेले असतात आणि आजाराने चित्ताची समाधी ढळत असल्यास औषध घेण्याचा अपवाद त्यांत आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम आहे. त्यातून पाणी आणि औषध वगळले आहे.

तरीही उपवास करायचा, तर त्याची तयारी आधी हवी. स्टेंट नुकताच बसवला असेल, तर उपवास करावा की नाही, हेच प्रथम डॉक्टरांना विचारावे. दिवसातून एकदा घ्यायची गोळी इफ्तार किंवा सहरीच्या वेळी घेता येते. टिकाग्रेलॉर मात्र दिवसातून दोनदा घ्यायचे असते, त्यामुळे त्याच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. उपाशीपोटी अ‍ॅस्पिरिनने जठराला त्रास होऊ शकतो. व्रतात चालत असल्यास ती दूध-फळांनंतर घ्यावी. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. डोके किंवा अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौचाला काळी होणे, रक्ताची उलटी किंवा न थांबणारा रक्तस्राव ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. छातीत दुखू लागले, तर उपवास सुटण्याची वाट पाहू नये. काही कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. ते ज्याच्या आचाराला चालत नाही, त्याने औषध बंद न करता तेच औषध गोळीच्या रूपात मागावे.

‘देव तारेल’ ही श्रद्धा आणि रोजची गोळी यांत विरोध नाही. देवावर भार टाकणारा शेतकरी पेरणी सोडत नाही. व्रत आणि औषध दोन्ही नेमाने पाळता येतात. पण त्यांतले एकच निभत असेल, तर अन्नाचे व्रत पुढे ढकलावे, औषध चुकवू नये. ते कमी करायचे किंवा थांबवायचे, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच.