शुद्धतेची चैन आणि इंधनाचा भाव

पेनिसिलीनच्या कारखान्यात टाकी वाफेने निर्जंतुक करतात, हवासुद्धा गाळून आत सोडतात. औषधाच्या किमतीत हा खर्च सहज वसूल होतो. पेट्रोल-डिझेलशी भावात टक्कर द्यायची असेल, तर मात्र ही चैन परवडत नाही. सायनोबॅक्टेरिया म्हणजे नीलहरित जिवाणू. त्यांच्याकडून इंधन मिळवण्याच्या अमेरिकेतील धडपडीची खरी अडचण इथे आहे. परक्या जंतूंना रोखायचे तर कसे आणि किती खर्चात, या प्रश्नाचे रूप गेल्या चार-पाच दशकांत बरेच पालटले.

सुरुवात अर्थातच प्रयोगशाळेच्या शिस्तीतून झाली. एका भांड्यात एकच जीव, ही पाश्चर आणि कॉख यांच्या काळापासूनची शिकवण. सायनोबॅक्टेरियांच्या संशोधनात सर्वाधिक वापरला जाणारा सिनेकोसिस्टिस ६८०३ हा वाणही कॅलिफोर्नियातील गोड्या पाण्यातून वेगळा काढलेला आणि काचेच्या बंदिस्त जगात वाढवलेला. तिथे त्याला ना स्पर्धक, ना भक्षक.

ही शिस्त उघड्यावर टिकत नाही, हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या जलीय प्रजाती कार्यक्रमात दिसून आले. १९७८ ते १९९६ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून शैवालापासून इंधन मिळवण्याचा हा उद्योग चालला. संशोधकांनी ३,००० हून अधिक वाण गोळा केले. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल इथे प्रत्येकी १,००० चौरस मीटरचे दोन तलाव बांधून चाचण्या घेतल्या. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले वाण उघड्या तलावात तग धरीनात आणि तिथल्या मातीपाण्यातलेच शैवाल तलावाचा ताबा घेई. १९९८ च्या समारोप अहवालात तर असे सुचवले गेले की, जो स्थानिक वाण आपोआप घुसतो त्यालाच पीक मानावे. घुसखोरालाच घरमालक करण्याचा हा सल्ला व्यवहारी होता. पण जनुके बदलून घडवलेल्या वाणाच्या बाबतीत तो उपयोगाचा नव्हता.

दुसरी वाट जुनीच होती. दारावर पहारा ठेवण्याऐवजी घरच असे निवडायचे की, इतरांना तिथे राहवणार नाही. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात स्पिरुलिना उघड्या तलावांत वर्षानुवर्षे पिकते, कारण तिला लागणाऱ्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात बहुतेक स्पर्धक जगत नाहीत. आपल्या लोणार सरोवराच्या खारट, अल्कधर्मी पाण्यात हाच जीव फोफावतो. पण स्पिरुलिना खाद्यपूरक म्हणून चढ्या भावाने विकली जाते. शिवाय तिच्यात परकी जनुके घालणे फार काळ अवघड राहिले. इंधन देण्यासाठी घडवलेले वाण बहुधा दुसरेच होते.

१९९९ मध्ये टोरांटोतील संशोधकांनी सायनोबॅक्टेरियात दोन परकी जनुके घालून त्याच्याकडून थेट इथेनॉल बनवून घेतले. पुढे याच वाटेने फ्लोरिडात अल्जेनॉल आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ज्यूल या कंपन्या उभ्या राहिल्या. पेशी मारून तेल काढायचे नाही, पेशीने बाहेर टाकलेले इंधन गोळा करायचे, ही त्यांची कल्पना होती. भांडी बंदिस्त होती, पण हजारो लिटर पाणी, खते आणि वायू यांच्याबरोबर कोणी ना कोणी आत शिरतेच. शिरलेल्याला इथे आयते जेवण मिळते, कारण इथेनॉल हे अनेक जिवाणूंचे अन्न आहे. पेशी जितके जास्त इंधन बाहेर टाकील, तितकी परक्यांची पंगत मोठी. पुढे ज्यूल २०१७ मध्ये बंद पडली आणि अल्जेनॉल इंधनापासून दूर गेली. त्यामागे स्वस्त खनिज तेल हे मोठे कारण होते. पण तेल स्वस्त झाले की निर्जंतुकतेवरचा खर्च आणखी जड होतो, हेही तितकेच खरे.

त्याच २०१७ मध्ये चीनमधील संशोधकांनी उघड्यावरच्या प्रयोगांत इथेनॉल फस्त करणारा जिवाणू ओळखला आणि बायकार्बोनेटने पाण्याचा पीएच वाढवून त्याला आवरले. म्हणजे स्पिरुलिनाची जुनी युक्ती इथे नव्या वाणासाठी वापरली गेली.

तिसरा विचार त्याहून चतुर होता. २०१६ मध्ये नोव्होजी ही कंपनी आणि एमआयटीतील संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये मांडलेली पद्धत अशी: नायट्रोजन आणि फॉस्फरस अशा रूपात द्यायचे, जे आपल्याच सूक्ष्मजीवाला पचेल. फॉस्फेटऐवजी फॉस्फाइट दिले, तर ते वापरण्याचे जनुक नसलेले जंतू उपाशी राहतात. प्रयोग यीस्ट आणि ई. कोलाय यांवर होते. पुढे सायनोबॅक्टेरियातही फॉस्फाइटचा मार्ग घातला गेला. मात्र ही कोंडी स्पर्धकांची होते, भक्षकांची नाही. सायनोबॅक्टेरिया गिळणाऱ्या आदिजीवाला त्या पेशीतच तयार फॉस्फेट मिळते. त्याला बाहेरच्या कुलपाशी काय देणेघेणे?

म्हणून शेवटी शेतीची भाषा आली. न्यू मेक्सिकोत सॅफायर एनर्जी या कंपनीच्या हिरव्या शैवालाच्या तलावांवर परजीवी बुरशीसदृश जीवाने हल्ला केला, तेव्हा पिकांवर फवारतात तसले बुरशीनाशक वापरून पीक वाचवले गेले. सँडिया प्रयोगशाळेतील संशोधक तलाव कोसळण्यामागचे जंतू जनुकांवरून शोधू लागले. तण शून्य असलेले शेत कोणी मागत नाही; निंदणीची मजुरी आणि वाचणारे पीक यांचा मेळ बसला की झाले. संपूर्ण शुद्धतेच्या जागी सोसवेल इतके नुकसान, हा या विचारप्रवासातला मला सर्वांत मोठा बदल वाटतो.

मात्र त्यातून एक पुढचा प्रश्न निघतो, आणि तो जंतुनाशकाच्या डब्यापाशी सुटत नाही. इंधन म्हणून कोणता पदार्थ निवडायचा? बर्कलीतील अनास्तासिओस मेलिस यांच्या गटाने २०१० मध्ये सायनोबॅक्टेरियाकडून आयसोप्रीन बनवून घेतले. ते वाफ होऊन द्रवातून निघून जाते, म्हणून द्रवातल्या जंतूंना ते खायला फारसा अवसर राहत नाही. त्याचे उत्पादन अजून तुटपुंजे आहे, हे मान्य. पण विचाराची दिशा योग्य आहे. इथेनॉल निवडले तेव्हाच ते खाणाऱ्यांनाही आमंत्रण गेले होते; नंतरचा सगळा खर्च हा त्या निवडीचा होता. मोठ्या प्रमाणावर इंधन पिकवायचे असेल, तर दूषितीकरणाचा हिशेब तलाव भरल्यावर नव्हे, पदार्थ ठरवतानाच मांडला पाहिजे.