नटण्याचा हुकूम कुणाचा?

चळवळीतल्या माणसानं नटावं का?

प्रश्न बारीक वाटतो. बैठकीत कुणी काढला तर हसं होईल. पण मनातल्या मनात सगळेच तो विचारत असतात. एखादी पोरगी लिपस्टिक लावून मोर्चाला आली की मागं कुजबुज सुरू होते, ही काय क्रांती करणार! एखादा पोरगा केस रंगवून अभ्यासवर्गाला बसला की त्याचं पाणी जोखलं जातं. आणि चौदा एप्रिलला? तेव्हा आपणच कडक इस्त्री मारून, गॉगल चढवून मिरवणुकीत पुढं असतो. मग खरं कोणतं समजायचं? नटणं हा भांडवलदाराचा सापळा आहे, की आपला हक्क आहे? ह्याचा एकदा निकाल लावला पाहिजे. तो अंगावरच्या कपड्यापासूनच लावू.

मी गिरणीत काम करतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसत गेल्या. आता तळोद्याकडच्या पोरांना गिरणी म्हणजे सुरत. तापी प्रकाशाहून पुढं जाते ती सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या मागोमाग आम्हीपण जातो. तिथं रंगाईच्या खात्यात फॅशन म्हणजे काय ते कळतं. कोरं पॉलिस्टर, ज्याला ग्रे कापड म्हणतात, ते जेट मशीनच्या पोटात घालायचं. आत दाबाखालचं पाणी १३० अंशांवर. त्यात रंग कापडात शिरतो. मग स्टेंटरवर दोन्ही काठ ताणून गरम हवेत सुकवायचं. कापडाबरोबर मशीनपाशी उभा राहणारा माणूसपण सुकतो.

सीझन आला की बारा बारा तासांची पाळी. सीझन उतरला की घरी जा, लागलं तर फोन करू. यंदा कोणता रंग चालणार ते वरून ठरून येतं. कोण ठरवतं, ते आमच्यापर्यंत येत नाही. आमच्यापर्यंत फक्त रंगाचा तुकडा येतो, ह्याला मॅच कर. दिवाळीआधी रात्ररात्र उकळून जो रंग काढला, तो उन्हाळ्याच्या लग्नसराईत जुना ठरतो. कापड फाटलेलं नसतं. विटलेलं नसतं. तरी त्याची किंमत पडते. मग गठ्ठे बांधले जातात, आणि मागच्या सीझनचा माल आपल्याकडच्या आठवडे बाजारात ढिगावर येतो. शहरानं टाकलेलं गावानं घालायचं. गावानं टाकलेलं गावाबाहेरच्यानं.

दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं घालणं हे आपल्याला नवं नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचा पोशाख लिहून ठेवलाय. त्यानं प्रेतावरची वस्त्रं घालावीत. दागिना लोखंडाचा असावा. जेवण फुटक्या भांड्यात. नीट बघा, हा कायदा आहे. गरिबीमुळे कपडा मिळाला नाही असं त्यात म्हटलेलं नाही. मिळाला तरी घालायचा नाही, असं आहे. लांबून बघताच माणसाची जात कळावी म्हणून त्याच्या अंगालाच पाटी लावून टाकली.

आणि हे पोथीतच राहिलं असंही नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये लिहून ठेवलंय की महार बाईनं लुगड्याचा काठ दिसेल असं नेसायचं नाही. काठ निऱ्यांत दडवायचा. सुंदर काठ विणकरानं विणला, दुकानदारानं विकला, बाईनं पैसे मोजून घेतला. तरी तो दाखवायचा नाही. तिकडं त्रावणकोरात खालच्या ठरवलेल्या नाडार बायांनी छाती झाकावी म्हणून कित्येक वर्षं झगडा चालला. १८५९ मध्ये राजानं परवानगी दिली, तीही अट घालून. झाका, पण वरच्या जातीच्या बाया झाकतात तसं नाही. म्हणजे त्यांना अब्रू झाकल्याचं दुःख नव्हतं. सारखं दिसण्याचं दुःख होतं.

जुनं झालं म्हणाल, तर आपल्या सीमेपलीकडं बघा. २०१८ मध्ये गुजरातेतल्या विठलापूरला तेरा वर्षांच्या दलित पोराला मारलं, कारण त्याच्या पायात मोजडी होती. २०२३ मध्ये पालनपूर तालुक्यातल्या एका गावात दलित तरुणानं चांगले कपडे घातले, गॉगल लावला. तेवढ्यावरून त्याला मारहाण झाली. सोडवायला आलेल्या त्याच्या आईलाही सोडलं नाही. ज्या गॉगलला आपण बैठकीत पोरखेळ म्हणतो, त्याची किंमत मारणाऱ्यांना बरोबर माहीत आहे.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो. नटणाऱ्याला हसायचा हक्क आपल्याला नाही. ज्यांच्या घरात सात पिढ्या रेशीम होतं त्यांनी साधेपणा मिरवावा. गांधींनी १९२१ मध्ये मदुराईला अंगावरचे कपडे कमी करून पंचा धरला. देशानं त्याला त्याग म्हटलं. बाबासाहेबांनी सूट घातला, टाय लावला. त्याला काही लोकांनी साहेबी थाट म्हटलं. पण सोडायला आधी अंगावर असावं लागतं. आपल्या बापजाद्यांना उघडं ठेवलं होतं. त्यांनी काय सोडायचं होतं? आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या अजून म्हणतात, गरीबले कसानी शोभा? हे त्यांचं शहाणपण नाही. वरच्यांनी त्यांच्या तोंडात बसवलेलं वाक्य आहे.

आता रोजच्या निगेचं. अंघोळ, विंचरणं, नखं कापणं, धुतलेला कपडा. ह्याला कुणी सौंदर्य म्हणो, कुणी शिस्त म्हणो. आपल्याला गलिच्छ म्हणणारे कोण होते ते ध्यानात घ्या. ज्यांनी पाणवठा बंद केला तेच. चवदार तळ्यावर जनावर पाणी पिऊ शकत होतं, आपण नाही. पाणी कोंडायचं आणि वर म्हणायचं, ह्यांच्या अंगाला वास येतो! न्हावी आपल्या केसाला हात लावत नव्हता. आपले लोक एकमेकांचे केस कापत. २० मार्च १९२७ ला महाडला जी ओंजळ भरली गेली, तिच्यात तहानेबरोबर तोंड धुण्याचाही हक्क होता, असं मी मानतो.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृती जाळली त्या परिषदेत, बाबासाहेब बायांशी मुद्दाम वेगळं बोलले. नेसण्याबद्दल बोलले, दागिन्यांबद्दल बोलले. तुमच्या नेसण्यावरून तुमची जात ओळखू येते, ती नेसण बदला. हातागळ्यातली चांदी-कथलाची ओझी उतरवा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी लढाई, आणि तो साडीच्या निऱ्यांवर बोलतो. त्याला हा विषय बारीक वाटला नाही. बायांनी तिथंच नेसण बदलली. पाटी उतरली.

इथपर्यंत सोपं आहे. पुढं अवघड आहे.

कारण मग कुणी म्हणेल, झालं तर! नटणं हा बंडखोरपणा. चला, दर सीझनला नवे कपडे घेऊ, तोंडाला क्रीम फासू, हीच क्रांती. थांब गड्या. हुकूम मनूचाच असतो असं नाही. तो दुकानातनंपण येतो.

१९७५ मध्ये आपल्या देशात फेअर अँड लव्हली बाजारात आली. पंचेचाळीस वर्षं तिनं एकच गोष्ट विकली. काळी पोरगी म्हणजे बिनलग्नाची, बिननोकरीची पोरगी. गोरी झाली की नशीब उघडलं. २०२० मध्ये जगभर ओरड झाली तेव्हा नावातलं फेअर काढून ग्लो घातलं. नाव बदललं, पण आपल्या आयाबहिणींच्या डोक्यात बसलेलं बदललं का? खेड्यातल्या टपरीवर त्याहून वाईट माल मिळतो. काही मलमांत स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, पोरगी खूश. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात. मलम सोडलं की जास्त भडकतं, म्हणून पुन्हा लावायचं. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारनं नियम कडक केले. तरी मिळतात. काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंड खातो. अकोल्यातल्या एका घरात असंच झाल्याच्या बातम्या २०२३ मध्ये छापून आल्या. हे नटणं आहे? ही मनूनं लावलेली पाटी स्वतःच्या हातानं खरवडून काढायची धडपड आहे, कातडीसकट.

मग फरक कुठं? कपड्यात आहे का? रंगात? दागिन्यात? मी पुष्कळ विचार केला. वस्तूत तो सापडत नाही.

प्रेतावरचं वस्त्र घ्या. मनूनं चांडाळावर लादलं तेव्हा ती शिक्षा होती. पण बुद्धाचे भिक्खूही स्मशानातली, उकिरड्यावरची चिंधी उचलून, धुऊन, शिवून चीवर करत. पंसुकूल म्हणतात त्याला. चिंधी तीच. एकाच्या अंगावर ती हुकमानं आली, दुसऱ्यानं आपल्या मनानं घेतली. म्हणून तिचा अर्थ उलटा झाला. आणि बुद्धानं आपली निवड सगळ्यांवर लादली नाही. गृहस्थाच्या पंचशीलात नटू नको असा नियम नाही. माला, गंध, विलेपन सोडायचं ते उपोसथाच्या दिवशी, आठ शीलं घेतली तर. तेही आपल्या इच्छेनं.

चांदीचंही तसंच. महाडला बाबासाहेबांनी चांदी उतरवायला सांगितली. पण आमच्या तळोद्यात बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून भिल्ल, पावरा बाया उतरतात, त्यांच्या गळ्यात, पायांत भरभक्कम चांदी असते. त्यांना जाऊन उतरव म्हणायचं का? आपले काही शिकलेले पोरगे म्हणतातही. मी म्हणणार नाही. आपल्या आज्यांच्या अंगावर तो दागिना जातीची खूण होऊन बसला होता. त्या बाईच्या अंगावर तो तिच्या माणसांची खूण आहे. ती तो कुणाला भिऊन घालत नाही.

आणि ऋतूची फॅशन बघायची तर होळीला अक्कलकुव्याकडं काठीला जाऊन बघावी. व्रत धरलेले गडी अंगावर पांढरे ठिपके काढतात, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू अन् सुकवलेले भोपळे. रात्रभर ढोल, रात्रभर नाच. ही फॅशन वर्षातून एकदा येते, ऋतूबरोबर येते. पण गेल्या वर्षीचा टोप ह्या वर्षी जुना झाला म्हणून कुणी कुणाला हसत नाही. तोच टोप जपून ठेवतात, पुन्हा काढतात. आमच्या गिरणीतला सीझन कालच्या कपड्याची लाज विकतो, म्हणून आजचा कपडा खपतो. होळीचा सीझन कुणाची लाज काढत नाही. नटणं तेच, ऋतू तोच. एक माणसाला माणसांत आणून उभा करतो, दुसरा त्याला आरशापुढं एकटा पाडतो.

म्हणून मला वाटतं नटण्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हे मी कुणाच्या हुकमानं करतोय? दुसरा, हे केल्यानं माझी मान वर होते, की हे केलं नाही तर ती खाली जाईल अशी भीती आहे? नुसत्या भीतीनं केलेलं नटणं म्हणजे गुलामीच, ते कितीही झगझगीत असो.

हे प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःला विचारायचे. दुसऱ्याला, खास करून पोरींना, विचारत फिरायचे नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातल्या पुरुषांना बायकांच्या कपड्यांचे पंच व्हायची फार हौस. पोरीच्या लिपस्टिकवर बोलणारा स्वतःच्या महागड्या बुटांवर गप्प असतो. बाबासाहेब बायांशी बोलले ते त्यांच्यावरची पाटी काढायला. तुम्ही नवी पाटी लावू नका.

आणि काही साधी कामं करता येतील. वस्तीत पोरीबाळींना मलमाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला शिकवा. स्टेरॉइडची नावं भिंतीवर लिहून लावा. जयंतीसाठी व्याजानं पैसे काढून कपडे घेऊ नका. गेल्या वर्षीचा पांढरा सदरा धुऊन निळीत काढला तरी तो मिरवणुकीत चालतो. १९५६ च्या चौदा ऑक्टोबरला नागपूरला पांढरे कपडे घालून लाखो लोक उभे होते, त्यांत कितीतरी जुनेच धुतलेले असतील. आणि जिथं पाणी दोन दिवसांआड येतं त्या वस्तीत स्वच्छतेवर भाषण देण्याआधी नगरपालिकेवर मोर्चा काढा. नळ आला की अंघोळ कशी करायची ते आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको.

पुढच्या महिन्यात लग्नसराईचा माल सुरू होईल. नव्या रंगाचा तुकडा येईल आणि मी तो मॅच करीन, कारण माझं पोट त्यावर आहे. ती साडी कुणी बाई नेसेल. काठ दाखवून नेसली तर मला आनंदच आहे. फक्त पुढच्या वर्षीही तिनं ती तितक्याच ऐटीत नेसावी.

जय भीम.