पुतळा कोणाचा?

राजाचा पुतळा उभारणे हे समाज आपले कर्तव्य मानतो. परंतु डोईवर भार वाहणाऱ्या स्त्रीचे शिल्प घडविले, तर तो तिचा सन्मान की तिच्या दैन्याचे प्रदर्शन? हा प्रश्न केवळ कलेचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली जन्मलेल्या विनायक पांडुरंग करमरकरांनी राजाही घडविला आणि रयतही. पुण्यात १९२८ साली उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याच्या त्यांच्या घरातील संग्रहालयात मात्र कोळीण आहे, म्हैस आहे, गावची साधी माणसे आहेत.

त्याआधी अमेरिकेत अ‍ॅबस्टेनिया एबर्ली (१८७८-१९४२) ही शिल्पकर्ती न्यूयॉर्कच्या गरीब स्थलांतरितांमध्ये राहून काम करीत होती. तिच्या १९१० मधील एका शिल्पात वाऱ्याला न जुमानता दारापुढची पायरी झाडणारी स्त्री आहे. ती कोणाची दया मागत नाही. आपले काम करते. पुढे १९१३ साली एबर्लीने दुसरे शिल्प मांडले : विवस्त्र, कोवळ्या मुलीला विक्रीस उभी करणारा पुरुष. एका नियतकालिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापताच वाचकांची निषेधाची पत्रे आली. त्यांना लाज वाटली ती शिल्पाची. विक्रीची किती जणांना वाटली असेल?

तरी निषेध करणाऱ्यांचे सारेच चूक नव्हते. दुःखिताचे दुःख पाहून आपणच गहिवरावे आणि समाधानाने घरी परतावे, ही कलेची अप्रतिष्ठा होय. कळवळा हा पाहणाऱ्याचा अलंकार ठरू नये. ज्या शिल्पापुढून आपण काही देणे डोक्यावर घेऊन निघतो, तेच त्या माणसाचा सन्मान करते.

शिल्पाची ही कसोटी आपल्या नजरेलाही लागू आहे. शिवछत्रपतींच्या राजगडाची एक वाट गुंजवणे गावातून चढते. पायथ्याच्या गावांतील बाया ताक-सरबताचे ओझे घेऊन गड चढतात. पर्यटकांचे कॅमेरे त्यांच्याकडे वळतात, छायाचित्रे सुरेख येतात. आणि पेलाभर ताकासाठी घासाघीसही होते. राजाला मुजरा करून आलेल्याने त्या अरुंद वाटेवर ओझेवालीला आधी वाट द्यावी, तिचे नाव विचारावे, सांगेल ते मोल द्यावे. त्यासाठी हाती छिन्नी असण्याची गरज नाही.