झोपेत वाजलेलं गाणं

आवडत्या गायकाचा नवा व्हिडिओ आला की चाहत्यापुढे दोन कामं असतात. एक, गाणं ऐकणं. दुसरं, आकडा वाढवणं. पहिलं काम तीन-चार मिनिटांत होतं, दुसरं रात्रभर चालतं. व्हिडिओ पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा, घरातले दोन-तीन फोन कामाला लावायचे, ग्रुपवर लिंक टाकून मित्रांच्या मागे लागायचं, 'एकबार पाह्य ना बे!' नागपूरला लागून, अमरावती रोडवर वाडी आहे. तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे एखाद्या खोलीत फोन चार्जिंगला लावून, आवाज बंद करून पोरगा झोपी जातो. व्हिडिओ मात्र सकाळपर्यंत चालू राहतो.

त्या रात्री ते गाणं कुणी ऐकलं?

या पोराची हौस उथळ नाही. संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातला मुलगा. २०२४च्या सुरुवातीला आलेलं 'गुलाबी साडी' त्यानंच लिहिलं, त्यानंच गायलं, संगीत जी-स्पार्कचं. कुठल्या सिनेमातलं गाणं नसूनही देशभर त्यावर रील्स झाल्या, मराठी न येणारेही नाचले. २०२५ मध्ये 'शेकी' आलं. नागपूरकडे पोरांच्या कानावर हिंदी-पंजाबी गाणी भरपूर पडतात. अशा वेळी आपल्या भाषेतला, आपल्यासारख्या घरातला कुणी पुढे गेला, तर त्याचा आकडा आपलाच वाटतो.

म्हणून चाहता विचारतो, यात वाईट काय? मोठ्या कंपन्या पैसे ओततात, आम्ही आमची झोप देतो. हे म्हणणं बिनबुडाचं नाही. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या 'पागल' या गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं सांगितलं गेलं. त्यात जाहिरात म्हणून पैसे मोजून दाखवलेले व्ह्यूजही होते. यूट्यूबनं तो विक्रम जाहीर केला नाही आणि सप्टेंबरमध्ये नियमच बदलला: पहिल्या २४ तासांच्या विक्रमात असे व्ह्यूज यापुढे धरायचे नाहीत.

पण समोरच्यानं पैशानं आकडा फुगवला म्हणून आपण झोपेनं फुगवलेला आकडा खरा होत नाही. व्ह्यू ही एक साक्ष असते. 'एका माणसानं हे पाहिलं', एवढंच ती सांगते. २०१५ पर्यंत नव्या व्हिडिओचा आकडा ३०१च्या आसपास अडून राहायचा, तो याचसाठी. व्ह्यू माणसांचे की यंत्रांचे, हे तपासायला यूट्यूब तेवढा वेळ घ्यायचं. कुणीच पाहिलं नसताना आपण 'पाहिलं' म्हटलं, तर ती खोटी साक्ष झाली, मग ती कितीही प्रेमानं दिलेली असो.

यात फसतं कोण? तो आकडा बघून गाणं निवडणारा अनोळखी माणूस. ज्याला खरेच दोन हजार ऐकणारे आहेत आणि जो आपल्या फुगवलेल्या आकड्याखाली दिसेनासा होतो, तो दुसऱ्या कुठल्या तांड्यावरचा नवखा गायक. ज्याचं आपल्याला एवढं कौतुक, तो गायकही फसतो, कारण गाण्यातलं लोकांना नेमकं काय भिडलं, हे झोपलेल्या पोराचा फोन त्याला सांगू शकत नाही. शेवटी आपणही. हळूहळू नजर गाण्यावरून उठून आकड्यावर बसते. आकडा अडला की मन खट्टू होतं, गाणं तर कालचंच असतं.

कुणी म्हणेल, मोजणी तर जपातही असते. असते. पण माळेचे १०८ मणी ओढणाऱ्याचं मन नामाकडे आणावं यासाठी असतात, शेजाऱ्याला हरवण्यासाठी नाही. माळ मोटारीला बांधून फिरवली, तर मणी मोजले जातील, जप होणार नाही.

तेव्हा नवा व्हिडिओ आला की दहा वेळा पाहा, पन्नास वेळा पाहा, पण जागेपणी. ज्यानं तो पाहिला नाही अशा एकाला नुसती लिंक न पाठवता शेजारी बसवा, पूर्ण ऐकवा. नाही आवडलं त्याला, तर वाद घाला. आकडा एकानंच वाढेल. पण तो एक म्हणजे खरंच कुणीतरी असेल.