सवलत आणि सहभाग

आपल्या वस्तीत एखादा दिव्यांग भाऊ मशिदीत दिसत नसेल, तर आपण सहज म्हणतो, ‘त्याला शरीअतने सवलत दिली आहे.’ ही सवलत खरीच आहे. सूरह निसाच्या ९५व्या आयतीत जिहादला न निघता मागे राहणाऱ्यांचा उल्लेख आहे; त्यातून असमर्थांना वगळले आहे. प्रश्न एवढाच, की ही सवलत त्या भावाला दिली आहे की आपल्याला? तो येऊ शकला नाही तर त्याच्यावर दोष नाही. परंतु त्याची वाट आपणच अडवली असेल, तर त्याच्या सवलतीमागे आपल्याला लपता येईल काय?

दोन प्रसंग पाहा. सहीह मुस्लिममध्ये एका अंध सहाबींची हकीकत आहे. मशिदीत आणणारे कोणी नाही, म्हणून त्यांनी घरी नमाज अदा करण्याची परवानगी मागितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती दिली, मात्र ते वळताच त्यांना परत बोलावून विचारले, अजान ऐकू येते काय? होकार मिळताच, त्या हाकेला प्रतिसाद द्या, असे फर्मावले. दुसरा प्रसंग सहीह बुखारीत आहे. हजरत इतबान बिन मालिक (रजि.) यांची दृष्टी अधू झाली होती आणि पाऊस पडला की वाटेतला ओढा भरून वाहत असे. त्यांच्या विनंतीवरून प्रेषित (स.) हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यासह त्यांच्या घरी गेले आणि बसण्यापूर्वीच त्यांना विचारले, घरात कोणत्या जागी नमाज अदा करू?

वरवर पाहता दोन्ही निर्णय परस्परविरोधी भासतात. पहिल्या हदीसवरून प्रत्येक अंध व्यक्तीवर जमात बंधनकारक ठरते, असे अनेक फुकहा मानत नाहीत. परंतु दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे: कोणालाही समुदायाबाहेर सोडून दिले गेले नाही. एकाला मशिदीकडे बोलावले, दुसऱ्याकडे प्रेषित (स.) स्वतः चालत गेले.

याहून बोधप्रद आहे हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांचे उदाहरण. ते अंध होते आणि मदीनेत फजरची अजान देत. ज्यांना पहाट दिसत नाही, त्यांच्याकडे पहाटेची घोषणा! हे कसे घडे? सहीह बुखारीतच उत्तर आहे: पहाट झाली, असे लोक त्यांना सांगत, तेव्हा ते अजान देत. त्यांना दिसत नाही म्हणून पद नाकारले गेले नाही. जे त्यांना दिसत नव्हते ते सांगण्याचे काम समाजाने उचलले. सहभाग म्हणतात तो हाच.

आपल्या काळातही काहींनी हा मार्ग धरला आहे. १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. आरंभ विशेष शाळेपासून झाला. पुढे ही मुले सर्वसाधारण शाळांत इतरांबरोबर शिकावीत, यासाठी संस्थेने प्रयत्न केले. ‘अडॅप्ट’ हे तिचे आजचे नाव. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदाही समाजातील पूर्ण सहभाग हा त्यांचा हक्कच मानतो.

मग आपल्या मशिदींचे काय? दारात पायऱ्या, वुजूखान्यात निसरडी फरशी, कर्णबधिरांना न कळणारा खुत्बा. व्हीलचेअरच्या चाकांनी जागा नापाक होईल, अशी शंका काढली जाते. चाके पुसता येतात, मोडलेले मन पुसून दुरुस्त होत नाही. जकात व सदका देताना आपल्याला दिव्यांग आठवतात, मशिदीची कमिटी निवडताना मात्र आठवत नाहीत. घेणारा हात म्हणून आपण त्यांना ओळखतो, सल्ला देणारी बुद्धी म्हणून नाही.

येत्या जुम्याला मशिदीत शिरताना पायऱ्या मोजा. मग जो भाऊ येत नाही त्याच्या घरी जा आणि त्यालाच विचारा, ‘तुम्हाला काय हवे?’ तो घरीच राहू इच्छित असेल, तर ती त्याची सवलत आहे. यायचे असूनही येता येत नसेल, तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. अल्लाह आपणा सर्वांना हा फरक ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.