निर्जन घरातील अग्नी

ज्या घरात कोणी राहत नाही, ते घर हिवाळाभर ऊबदार ठेवणे हे कर्तव्य आहे की केवळ मालमत्तेची काळजी, हा प्रश्न परतवाड्याच्या परिसरात कल्पित वाटत नाही. कारण परतवाड्याहून घाट चढून गेल्यावर सुमारे 1,100 मीटर उंचीवर लागणारे चिखलदरा हे इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील अधिकाऱ्यांचे उन्हाळी ठिकाण होते, आणि उन्हाळ्यासाठी बांधलेल्या घराचा हिवाळा बहुधा राखणदाराच्याच वाट्याला येतो. पावसाळ्यात भिंतींत मुरलेली ओल थंडीतही सहजी हटत नाही, म्हणून चूल पेटती ठेवण्याला व्यावहारिक कारण आहेच. परंतु या कारणाने धर्माचा प्रश्न सुटत नाही.

वैदिक परंपरेने तो फार बारकाईने विचारात घेतला आहे. अग्निहोत्र, म्हणजे सकाळ-संध्याकाळ अग्नीत द्यावयाची आहुती, हे नित्य कर्म होय; विशिष्ट इच्छेसाठी करावयाचे ते काम्य, आणि जे यावज्जीव करावयाचे असून टाळल्यास दोष लागतो ते नित्य. यजमान, म्हणजे ज्याच्या नावे कर्म चालते तो गृहस्थ, प्रवासास निघताना अग्नींचा निरोप घेतो आणि त्याच्या मागे पत्नी घरी राहते, तर आहुती ऋत्विज, म्हणजे यज्ञकर्म करणारा पुरोहित, किंवा शिष्य देतो. मात्र पती-पत्नी दोघेही गाव सोडणार असतील, तर अग्नी ओस घरात जळत ठेवला जात नाही. त्याचे समारोपण करतात: ज्या दोन लाकडांच्या घर्षणातून अग्नी काढतात त्या अरणी अग्नीवर तापवून, मंत्रपूर्वक अग्नी त्यांत सामावला असे मानतात, आणि मुक्कामी पोहोचल्यावर मंथन करून तो पुन्हा प्रकट करतात. म्हणजे शास्त्राने जपले ते अग्नीचे माणसाशी असलेले नाते. भिंती तापवण्याला त्यात स्वतंत्र मोल दिसत नाही, आणि हा निर्णय अत्यंत समंजस आहे.

मग चिखलदऱ्याच्या बंगल्यातील विस्तवाचे काय? संध्याकाळी निखाऱ्यांवर गोवरीचा तुकडा ठेवून वर राख लोटणारा आणि पहाटे ती राख उकरून, फुंकून जाळ करणारा माणूस तेथे असतो. त्यामुळे ‘कोणी राहत नाही’ हे विधानच मालकाच्या बाजूने केलेले असते. मीमांसकांच्या, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या मते आहुती ऋत्विजाने दिली तरी फळ यजमानाचे, कारण दक्षिणा हा परिक्रय आहे. दुसऱ्याचे श्रम मोबदला देऊन आपल्या कर्मात घेणे, असा त्याचा अर्थ. या नियमाचा आधार घेऊन मालक पुण्य आपल्याकडे ठेवू शकेल, पण त्याच नियमाने मोबदल्याचे बंधनही त्याच्यावर येते, ही बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पुरेशी मजुरी न देता राखलेल्या विस्तवाला मालकाचे कर्म म्हणता येणार नाही, आणि तापलेल्या खोलीला कुलूप लावून राखणदाराला पडवीत निजवणे तर अधिकच गैर आहे, कारण तेथे ऊब घेऊ शकणाऱ्या एकमेव जिवालाच तिच्यापासून दूर ठेवलेले असते. मेळघाटातील पौषातल्या रात्री पडवीत काढण्याजोग्या नसतात. आतल्या खोलीची किल्ली राखणदाराच्या हाती देणे हा त्या मोबदल्याचाच भाग आहे.