पाहुणा की गिऱ्हाईक?

मॉरिशस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर नावाचे एक लहानसे गाव आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याच्यावरून हे नाव पडले. मराठी कानाला मात्र त्यात 'माहेर' ऐकू येते, आणि हा योगायोग गोड वाटतो. दर सोमवारी तेथे बाजार भरतो. गावापुढे निळ्याहिरव्या रंगाचे उथळ पाणी दूरवर पसरलेले असते. त्याला लगून म्हणतात. ते इतके संथ असते की होडीतून खाली वाकून पाहिले तर आपल्याच सावलीत मासे फिरताना दिसावेत.

हा संथपणा हिंदी महासागराचा स्वभाव नव्हे. बेटाभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळाची भिंत आहे. महासागराची लाट तिच्यावर आदळून फुटते आणि आत येते ती केवळ तिची आठवण. ही भिंत दाण्याएवढ्या जिवांनी हजारो वर्षे, पिढ्यान्पिढ्या बांधलेली आहे. पाहायला आलेला मनुष्य तिच्यावर सहज पाय ठेवून उभा राहतो. बाहेरून ती दगडासारखीच दिसते ना!

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. पैसे मोजून आलेला प्रवासी त्या भूमीचा कोण लागतो? पाहुणा, की गिऱ्हाईक?

तो गिऱ्हाईक आहे, असे म्हणणाऱ्याची बाजू कच्ची नाही. त्याने विमानाचे, निवासाचे, होडीचे दाम चुकते केले आहेत. त्याच्या पैशावर नावाड्याची, स्वयंपाक्याची, खोल्या झाडणाऱ्या बाईची चूल पेटते. २०२० साली महामारीमुळे बेटाच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा गिऱ्हाईक नसणे म्हणजे काय ते या माणसांना कळले. तेव्हा प्रवाशाला नाक मुरडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. प्रामाणिक व्यवहार ही हलकी गोष्ट नव्हे.

परंतु त्या व्यवहारात नेमके काय विकले गेले? नावाड्याने आपले श्रम विकले, हॉटेलने खोली विकली. लगून कोणी विकली नाही, कारण ती कोणाच्याच मालकीची नव्हती. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएल लोकांना जमिनीच्या विक्रीबाबत नियम घालून देतो आणि त्याचे कारणही सांगतो: भूमी त्याची आहे, हे लोक त्याच्या घरी उतरलेले उपरे आहेत. वचनदत्त भूमीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांनाही तो मालक म्हणत नाही. मग आठवडाभरासाठी आलेल्याची गोष्टच सोडा! पावती हातात असली तरी जे विकलेच गेले नाही त्याच्यापुढे प्रवासी पाहुणाच उरतो. आणि पाहुण्याला दाम द्यावे लागत नसले तरी धर्म पाळावा लागतो.

हा धर्म न पाळणारे या किनाऱ्याने पूर्वीही पाहिले आहेत. १५९८ साली डच खलाशी याच उपसागरात उतरले. ते दुष्ट नव्हते. थकलेले, भुकेलेले होते, आणि समोर दिसेल ते घेण्याजोगे आहे असे त्यांनी गृहीत धरले. माणसाला न भिणारा, उडता न येणारा डोडो पक्षी त्यांच्या आणि त्यांनी आणलेल्या जनावरांच्या पुढे शंभर वर्षेही टिकला नाही. आज माहेबूरसमोरच्या इल ओ एग्रेत या पंचवीसएक हेक्टरांच्या चिमुकल्या बेटावर किनारपट्टीच्या मूळ जंगलाचा अवशेष मोठ्या कष्टाने जपला जातो. १९९०च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलेली गुलाबी कबुतरे तेथे पुन्हा नांदू लागली आहेत.

२०२० सालच्या २५ जुलैला 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज येथल्या प्रवाळावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याची टाकी फुटली आणि सुमारे हजार टन काळे तेल लगूनमध्ये पसरले. किनाऱ्याजवळ गेल्यास मोबाइल फोनला संपर्क मिळेल, म्हणून जहाजाने वाट वाकडी केली होती, असे चौकशीत पुढे आले. कप्तान भारतीय होता. पुढे न्यायालयाने त्याला व त्याच्या सहकारी अधिकाऱ्याला दोषी ठरवले. महामारीच्या काळात घरापासून तुटलेल्या खलाशांना घरच्यांचा आवाज ऐकावासा वाटला, यात पाप शोधू नये. तरीही एक गोष्ट मनाला टोचते. ज्या किनाऱ्याकडे जहाज वळले तो किनारा त्यांच्या लेखी केवळ संपर्काचा खांब होता. तेथे कोणाचे घर आहे, कोणाची जाळी आहेत, हे हिशेबात आलेच नाही. पैसे मोजणारे गिऱ्हाईक आणि पैसे न मोजणारा खलाशी, दोघांनाही ही नजर सारखीच जडते.

तेल आले तेव्हा पर्यटक नव्हता. हजारो बेटवासी किनाऱ्यावर जमले. उसाचे पाचट कापडात भरून, रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी तरंगते बांध शिवले. हे काम आमच्यावर सोडा, असे शासनाने सांगूनही ते हटले नाहीत. ज्या उसासाठी १८३४ पासून गिरमिटिया मजूर बोटींत भरून आणले गेले, त्याच उसाचे पाचट ते. त्या मजुरांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवतात, गणेशचतुर्थी साजरी करतात. त्यांच्या पूर्वजांना त्या भूमीने ना पाहुणा मानले ना गिऱ्हाईक. भूमी त्यांची झाली ती घामाने.

आणखी एक परका १८४१ साली त्याच बेटावर उतरला. धन्य जाक लावाल हे फ्रान्समधील डॉक्टर, नंतर धर्मगुरू. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांची क्रेओल बोली ते शिकले, तिच्यात त्यांनी सोपा धर्मबोध तयार केला, त्यांच्यासारखेच साधे राहिले आणि १८६४ साली तेथेच देह ठेवला. दरवर्षी सप्टेंबरात त्यांच्या कबरीकडे रात्रभर पायी चालत जाणाऱ्यांत कॅथलिकांबरोबर हिंदू व मुसलमानही असतात.

सर्वांना लावालसारखे राहून जाता येणार नाही. परतीचे तिकीट आधीच काढलेले असते. पण बाजारात भाव करताना दोन शब्द क्रेओलमध्ये बोलता येतात. प्रवाळावर पाय न ठेवता पोहता येते. रविवारच्या समुद्रसहलीला आलेल्यांनी आपल्या वसईच्या किनाऱ्यावर टाकलेल्या बाटल्या ज्यांनी सोमवारी उचलल्या आहेत, त्यांना हे विस्ताराने सांगायला नको.

मॉरिशसचा कायदा किनारा सार्वजनिक मानतो. रविवारी तेथील कुटुंबे भाताची पातेली घेऊन सुरूच्या सावलीत बसतात, कोणी डफासारखे रावान वाजवतो, मुले पाण्यात शिरतात. हॉटेलच्या आरामखुर्चीत पहुडलेल्या प्रवाशाला हा गलबला कधीकधी खुपतो. तक्रार करण्यासाठी तो उठतो, तेव्हा हॉटेलचा नोकर नम्रपणे हसतो आणि काही बोलत नाही. त्या मुलांत त्याचीही दोन असू शकतात.